पलटणीतली हाक : सातारा-सांगलीच्या फौजी इतिहासातील मान, शिवी आणि नियम

फौजी माणूस आणि शिवी ही जोडी आपण गृहीत धरलेली आहे. कवायतीच्या मैदानावर उस्तादाने रिक्रुटाच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा, रिक्रुटाने छाती पुढे काढून तो ऐकायचा आणि पहिल्या सुट्टीला गावी आला की पारावर बसून तेच किस्से हसत सांगायचे, हे सातारा-सांगलीकडच्या कोणत्याही गावाला नवे नाही. त्यामुळे लष्करात कोणी कोणाशी कसे बोलावे यासाठी नियम हवेत, असा विषय निघाला की बहुतेकांच्या कपाळाला आठ्या पडतात. ज्याने गोळी झेलायची त्याला शब्द कसा लागतो, असे एक जण म्हणतो. हे सगळे परदेशातून आलेले खूळ आहे, असे दुसरा म्हणतो.

या दोन जिल्ह्यांच्या फौजी इतिहासाची साधने मी गेली काही वर्षे चाळतो आहे आणि जमेल तसे निवृत्त सैनिकांशी बोलतो आहे. त्यावरून ही दोन्ही मते मला पटत नाहीत. पलटणीत कोणी कोणाला कशी हाक मारावी हा प्रश्न आपल्याकडे सव्वाशे वर्षांहून जुना आहे. तो साहेबलोकांनी काढलेला नाही. तो काढला तो आपल्याच मातीतल्या हवालदार-सुभेदारांनी. आणि शब्द लागतो तो कोणता, हेही सैनिकांना नेमके ठाऊक होते.

कडेगाव भागातल्या एका गावात एका निवृत्त नायब सुभेदारांना मी विचारले, ‘आबा, उस्तादाच्या शिव्यांचा राग नाही यायचा?’ ते म्हणाले, ‘गुरुजी, उस्ताद समद्यास्नी शिव्या द्यायचा. पाय चुकला की शिवी, बिल्ला मळला की शिवी. ती कामावरची शिवी. ती धुतली की जाती. पर जन्मावर गेला की मग माणूस इसरत न्हाई.’ पुढच्या सगळ्या लेखाचा धागा मला या तीन-चार वाक्यांत सापडला. कामावरची शिवी आणि जन्मावरची शिवी यांत सैनिक फरक करतो. आपल्या लष्करी इतिहासात शब्दावरून जेव्हा जेव्हा मोठा प्रसंग उद्भवला, तेव्हा तो दुसऱ्या प्रकारच्या शिवीवरून उद्भवला. नियमांच्या पुस्तकात मात्र हा फरक फारसा उतरलेला नाही.

आधी भूगोल सांगतो. आजचे सातारा आणि सांगली हे दोन जिल्हे इंग्रजी अमदानीत फार वेगळे नव्हते. वाळवा, तासगाव, खानापूर हे तालुके जुन्या सातारा जिल्ह्यातच होते. सांगली आणि मिरज ही पटवर्धनांची संस्थाने होती. १९४९ मध्ये दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. हा सगळा पट्टा पिढ्यान्‌पिढ्या भरतीचा मुलूख राहिला. साताऱ्याजवळच्या अपशिंग्याच्या नावापुढे ‘मिलिटरी’ हा शब्दच कायमचा चिकटला आहे. पहिल्या महायुद्धात आपले ४६ जण कामी आले, असे हे गाव अभिमानाने सांगते. पाऊस कमी, जमिनी तुटपुंज्या, त्यामुळे थोरला शेतावर, मधला मुंबईच्या गिरणीत आणि धाकटा पलटणीत, अशी वाटणी घरोघर होती.

छावणीतला सुभेदार, गावातला महार

एकोणिसाव्या शतकात मुंबई इलाख्याच्या फौजेत महारांची संख्या लक्षणीय होती. कोरेगाव भीमाच्या स्तंभावर १८१८ च्या लढाईत पडलेल्यांची जी नावे आहेत, त्यांत ती दिसतात. पलटणीतल्या चाकरीने या माणसांना पगार दिला, पेन्शन दिली, अक्षरओळख दिली, हे आपण नेहमी वाचतो. त्यांना मिळालेल्या आणखी एका गोष्टीकडे कमी लक्ष गेले आहे. ती म्हणजे हाक.

गावात महाराने वरच्या जातीच्या माणसाला ‘जोहार’ घालायचा आणि स्वतःचे नाव तोडून-मोडून ऐकायचे, हा रिवाज होता. पलटणीत तोच माणूस नाईक, हवालदार, जमादार असा चढत सुभेदार झाला की त्याला ‘सुभेदार साहेब’ म्हणावे लागे. हे कोणाच्या मनाच्या मोठेपणावर सोडलेले नव्हते. हुद्द्याचा मान शब्दाने राखणे हा शिस्तीचा भाग होता आणि तो न राखणे हा गुन्हा होता. आपल्या समाजात कोणी कोणाशी कसे बोलावे हे जन्म ठरवत असे. ते हुद्दा ठरवील असा लेखी नियम असलेली पलटण ही त्या काळातली फार थोड्या जागांपैकी एक होती.

या दोन भाषांमधून एकाच वेळी जगलेले घर साताऱ्यातच होते. सुभेदार रामजी सकपाळ लष्करी शिक्षणशाळेत मुख्याध्यापक होते. निवृत्तीनंतर काही काळ दापोलीला राहून ते साताऱ्यास आले. १८९६ मध्ये पत्नी भीमाबाई साताऱ्यातच वारल्या. धाकटा मुलगा भीमराव ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कुलात, इंग्रजी पहिलीत दाखल झाला. घरात पलटणीची शिस्त, वाचन आणि वडिलांचा सुभेदारीचा मान होता. शाळेत मात्र बसायला घरून आणलेला तरटाचा तुकडा आणि नळाला हात लावायची बंदी होती.

१९०१ च्या उन्हाळ्यातला प्रसंग डॉ. आंबेडकरांनी पुढे ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनपर टिपणात लिहिला आहे. वडील तेव्हा खटाव तालुक्यात दुष्काळी कामावर खजिनदार होते. त्यांना भेटायला निघालेली मुले मसूर स्टेशनावर उतरली. कपडे चांगले, बोलणे नीट, म्हणून स्टेशनमास्तर आपुलकीने चौकशीला आला. जात कळताच मागे हटला. गाडीवान मिळेना. दुप्पट भाडे देऊन आणि गाडी स्वतः हाकायची या अटीवर एक जण तयार झाला. रात्री टोलनाक्यावर पाणी मागताना लहानग्या भीमरावाने आपण मुसलमान असल्याचे सांगितले आणि नाकेदाराशी उर्दूत बोलणे केले. पलटणीच्या घरातल्या पोराला उर्दू येणे नवलाचे नव्हते. फौजेची बोलभाषाच ती होती. तरी पाणी मिळाले नाही. लष्करी भाषेने घरात आणलेला मान साताऱ्याच्या रस्त्यावर चालला नाही, असा या प्रसंगाचा एक अर्थ मला लागतो.

‘लढाऊ’ या शब्दाची किंमत

रामजी निवृत्त झाले त्याच सुमारास फौजेची दारे त्यांच्या जातीला बंद होत होती. १८८५ ते १८९३ या काळात हिंदुस्थानच्या फौजेचे सरसेनापती असलेले लॉर्ड रॉबर्ट्स हे ‘लढाऊ जाती’च्या सिद्धान्ताचे मोठे पुरस्कर्ते होते. काही जाती जन्मानेच शूर आणि काही जन्मानेच कचखाऊ, अशी ती वर्गवारी. पंजाब, नेपाळ आणि सरहद्द प्रांत यांचे पारडे जड झाले. दख्खन, मद्रास, बंगाल हलके ठरले. १८९२ मध्ये महारांची भरती थांबली. भरती जातवार पलटणींच्या आणि तुकड्यांच्या हिशेबाने होऊ लागली, आणि त्या हिशेबात महारांसाठी खानाच उरला नाही.

‘लढाऊ’ आणि ‘बिगरलढाऊ’ हे शब्द वरवर कोणाला शिवी वाटणार नाहीत. ते सरकारी, शास्त्रीय वाटणारे शब्द होते. भरती अधिकाऱ्यांसाठी एकेका समाजावर हस्तपुस्तिका छापल्या जात. मेजर बेथम यांची मराठे आणि दख्खनी मुसलमान यांच्यावरची पुस्तिका १९०८ मध्ये कलकत्त्याहून निघाली. कोणत्या मुलखातले, कोणत्या कुळीचे लोक घ्यावेत, त्यांचा स्वभाव कसा, अशी माहिती या पुस्तिकांतून असे. घोड्यांच्या जातींचे वर्णन करावे तसे माणसांचे वर्णन. जन्मावरची शिवी दरबारी पोशाख घालून आली, की तिला ‘वर्गीकरण’ म्हणतात.

मराठ्यांनाही या वर्गीकरणाचा फटका बसला, हे सहसा सांगितले जात नाही. रॉबर्ट्स यांच्या मापात मुंबई इलाख्याची फौज एकंदरच दुय्यम होती. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात कुतच्या वेढ्यासह जे घडले त्यानंतर हे मत बदलले. जॉर्ज मॅकमन यांच्यासारख्या ‘लढाऊ जाती’वाल्या लेखकांनाही १९३३ च्या पुस्तकात मराठ्यांनी युद्धात पुन्हा नाव कमावल्याचे लिहावे लागले. म्हणजे साताऱ्याच्या शेतकऱ्याचा पोर जन्माने जसा होता तसाच होता. वीस वर्षांत बदलली ती त्याच्यावरची चिठ्ठी, आणि ती बदलण्यासाठी त्याला टायग्रिसच्या काठी मरावे लागले.

महारांना ती संधीही लवकर मिळाली नाही. त्यांनी अर्जाचा मार्ग धरला. १८८६ मध्ये हवालदार म्हणून निवृत्त होऊन दापोलीस स्थायिक झालेले गोपाळबाबा वलंगकर यांनी १८८८ मध्ये ‘विटाळ विध्वंसन’ हे पुस्तक लिहून अस्पृश्यतेच्या मुळाशी हात घातला आणि १८९४ मध्ये फौजेची दारे पुन्हा उघडावीत म्हणून अर्ज तयार केला. भरतीबंदीविरुद्धच्या खटपटीत रामजी सकपाळ यांनी न्यायमूर्ती रानड्यांचे साह्य घेतल्याचे धनंजय कीर यांनी नोंदवले आहे. १९१० मध्ये पुण्याचे शिवराम जानबा कांबळे यांच्या पुढाकाराने दख्खनच्या महारांनी थेट भारतमंत्र्यांकडे अर्ज धाडला.

हे अर्ज पोटापाण्याचे होते, यात शंका नाही. पण नोकरी गेली याइतकेच, नोकरीबरोबर मिळालेले माणूसपण काढून घेतले, हे दुःख त्यांच्यामागे आहे. मोलमजुरी इतरत्रही मिळाली असती. ‘साहेब’ ही हाक मात्र दुसरीकडे कोठे मिळणार होती? १९१७ मध्ये युद्धाची निकड पडल्यावर १११ वी महार पलटण उभी राहिली. युद्ध संपल्यावर १९२१ मध्ये ती मोडली. शेवटी १९४१ मध्ये दुसरे महायुद्ध चालू असताना संरक्षण सल्लागार समितीवर आलेल्या डॉ. आंबेडकरांच्या आग्रहाला यश आले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात बेळगावला महार रेजिमेंटची पहिली पलटण उभी राहिली. साताऱ्याच्या शाळेत तरटावर बसलेल्या मुलाने चाळीस वर्षांनी आपल्या वडिलांच्या लोकांसाठी ‘सुभेदार साहेब’ ही हाक परत आणली.

‘तलवार’वरचे चौदा अर्ज

जन्मावरच्या शिवीने सर्वांत मोठा भडका उडाला तो पाच वर्षांनंतर, मुंबईत. १९४६ च्या नाविक बंडाचा इतिहास मराठी वाचकाला ठाऊक आहे. पण तो बहुधा स्वातंत्र्यलढ्याचे एक प्रकरण म्हणून सांगितला जातो. मी त्याकडे भाषेच्या नियमांचे प्रकरण म्हणून पाहू इच्छितो.

‘तलवार’ हे जहाज नव्हते. कुलाब्याला जमिनीवर असलेले नौदलाचे सिग्नल प्रशिक्षण केंद्र होते. तिथली पोरे शिकलेली, बिनतारी संदेशयंत्र हाताळणारी. अन्न वाईट, पगार गोऱ्या खलाशांपेक्षा कितीतरी कमी, युद्ध संपल्याने नोकरीची शाश्वती नाही. २ फेब्रुवारीला सरसेनापती ऑकिन्लेक यांच्या भेटीच्या वेळी भिंतींवर घोषणा रंगवल्याबद्दल बलाईचंद्र दत्त या खलाशाला अटक झाली होती. वातावरण तापलेलेच होते. अशात ८ फेब्रुवारीला केंद्राचे प्रमुख कमांडर किंग यांनी बराकीत जाऊन खलाशांना शिव्या दिल्या. त्यांतला आशय असा, की तुम्ही कुत्रीची, हमालांची आणि रानटी लोकांची पोरे आहात.

किंग यांनी बराक अस्वच्छ आहे, सलामी नीट दिली नाही, एवढ्यावरून झोडपले असते तर? खलाशांनी पारावर सांगायचा आणखी एक किस्सा झाला असता. पण त्यांनी आई-बापांवर आणि मुलखावर बोट ठेवले. ‘हमालाची पोरे’ या शब्दाची धार मुंबईत वेगळीच होती. त्या शहरातले खरे हमाल, गोदी कामगार, गिरणी कामगार रत्नागिरी-साताऱ्याकडून आलेले आपलेच लोक होते.

यानंतर जे झाले ते मला फार महत्त्वाचे वाटते. खलाशी लगेच पेटून उठले नाहीत. ते नियमाने वागले. लष्करी शिस्त सामूहिक तक्रारीला बंडाची पहिली पायरी मानते, म्हणून १४ जणांनी १४ वेगवेगळे अर्ज रीतसर वरिष्ठाकडे दिले. आठवडाभराने ज्यांच्याविरुद्ध तक्रार होती त्या किंग यांनीच त्यांना बोलावले, खोटी तक्रार हा स्वतः गुन्हा असल्याची जाणीव दिली आणि फेरविचाराला २४ तासांची मुदत दिली. तक्रारीचा कागद फिरून तक्रारीच्या कारणाजवळच आला.

१८ फेब्रुवारीला सकाळी खलाशांनी न्याहारी नाकारली. दोन दिवसांत संप बंदरभर पसरला. पुढे सुमारे ७८ जहाजे, वीसेक किनारी केंद्रे आणि वीस हजारांच्या आसपास खलाशी त्यात आले. एम. एस. खान अध्यक्ष आणि मदनसिंग उपाध्यक्ष असलेल्या संप समितीच्या मागण्यांत आझाद हिंद सेनेच्या कैद्यांची सुटका होती, इंडोनेशियातून हिंदी फौजा परत बोलावणे होते, चांगले अन्न आणि गोऱ्यांच्या बरोबरीचा पगार होता. आणि त्यांच्याच पंक्तीला किंग यांच्यावर शिवीगाळीबद्दल कारवाई हीही मागणी होती. देशाच्या स्वातंत्र्याशी जोडलेल्या मागण्यांशेजारी एका शिवीची मागणी बसवताना त्यांना संकोच वाटला नाही, कारण त्यांच्या लेखी दोन्ही गोष्टी एकच होत्या.

सातारा-सांगलीच्या माणसासाठी या आठवड्यात आणखी एक पेच आहे. २१ तारखेला फोर्टातल्या कॅसल बराकीपाशी चकमक झाली तेव्हा खलाशांना कोंडायला आधी उभे केले होते ते मराठा पलटणीचे जवान. पुढे गोऱ्या पलटणी आणल्या गेल्या. २२ तारखेला परळ-लालबागच्या गिरणी वस्त्यांत गोळीबार झाला. कमल दोंदे या कार्यकर्तीसह दोनशेहून अधिक नागरिक त्या दिवसांत मेले. साताऱ्यात तर १९४३ पासून क्रांतिसिंह नाना पाटलांचे प्रतिसरकार चाललेले, कुंडलला तुफान सेनेचे दल तयार झालेले. एकाच मुलखातला एक भाऊ कॅसल बराकीबाहेर बंदूक धरून, दुसरा परळला मोर्चात आणि तिसरा कृष्णाकाठच्या उसात भूमिगत, असे चित्र त्या फेब्रुवारीत अशक्य नव्हते. सरदार पटेलांच्या सल्ल्याने २३ तारखेला खलाशांनी शरणागती पत्करली.

नंतर न्यायमूर्ती फझल अली यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग बसला. इतिहासकार बंडाची राजकीय आणि आर्थिक कारणे सांगतात, तीही खरीच. पण राजकीय कारणे त्या वर्षी प्रत्येक छावणीत होती. वाईट डाळ प्रत्येक जहाजावर होती. आग ‘तलवार’वर लागली, कारण तिथे जन्मावरची शिवी दिली गेली आणि तिच्याविरुद्धची रीतसर वाट शिवी देणाऱ्याच्याच दारात संपली.

कलमांत काय लिहिले आहे

स्वतंत्र भारताने १९५० मध्ये सेना अधिनियम केला. तो आजही लागू आहे. बोलण्याविषयी त्यात काय आहे ते पाहू.

कलम ४० वरिष्ठाविषयी आहे. वरिष्ठावर हात उगारणे, त्याला धमकीची भाषा वापरणे आणि त्याच्याशी उद्धट भाषेत बोलणे हे तीन वेगळे गुन्हे त्यात सांगितले आहेत. निव्वळ उद्धट भाषेला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. कलम ४७ कनिष्ठाविषयी आहे. अधिकाऱ्याने किंवा हवालदार-नायकाने हाताखालच्या माणसावर बळ वापरले किंवा त्याला अन्य प्रकारे वाईट वागवले, तर सात वर्षांपर्यंत कैद. शिक्षेच्या आकड्यावरून पाहिले तर दुसरे कलम सौम्य नाही. पण ‘भाषा’ हा शब्द पहिल्या कलमात आहे आणि दुसऱ्यात नाही. खालून वर जाणारा शब्द कायद्याने नाव घेऊन पकडला. वरून खाली येणारा शब्द ‘वाईट वागणूक’ या मोठ्या पोत्यात टाकला. शिवी त्यात बसते की नाही, हे ठरवणार पुन्हा वरचाच.

कलम ६४ मध्ये मात्र एक अपवाद आहे. कोणाच्या धर्माचा हेतुपुरस्सर अपमान करणे किंवा धार्मिक भावना दुखावणे हा तिथे स्वतंत्र गुन्हा आहे. १८५७ ने इंग्रजांना जो धडा दिला त्याची ही सावली आहे, असे मला वाटते. सैनिकाच्या धर्माला शब्द लागला तर तोफा उलट फिरतात, हे राज्यकर्त्यांना कळले होते. त्याच्या जातीला, मुलखाला, आई-बापांना शब्द लागला तर काय होते, हे कळायला १९४६ उजाडावे लागले. आणि चारच वर्षांनी झालेल्या कायद्यात त्या धड्याची वेगळी नोंद झाली नाही.

कलम २६ सैनिकाला तक्रारीचा हक्क देते. आपल्यावर अन्याय झाला असे वाटल्यास त्याने आपल्या वरिष्ठाकडे जावे. तक्रार त्या वरिष्ठाविरुद्धच असेल तर त्याच्यावरच्याकडे जावे. ही तरतूद वाचताना ‘तलवार’वरचे ते चौदा अर्ज डोळ्यांपुढे येतात. कागदावर वाट बरोबर आखलेली आहे. प्रत्यक्षात ती वाट चालणाऱ्याला पुढच्या अहवालात कोणता शेरा मिळतो, त्यावर तिचे खरेपण अवलंबून आहे. २००७ च्या कायद्याने सशस्त्र दल न्यायाधिकरण आले आणि साखळीच्या बाहेर दाद मागण्याची एक जागा झाली, ही मोठी सुधारणा म्हटली पाहिजे.

शब्द बदलला, काम तेच

स्वातंत्र्यानंतर फौजेतले कितीतरी शब्द बदलले. ‘व्हाइसरॉयचा कमिशन्ड अधिकारी’ जाऊन ‘ज्युनिअर कमिशन्ड अधिकारी’ आला. हिंदी आणि गोरे अशा शिपायांच्या दोन वेगळ्या याद्या गेल्या. वृत्तपत्रांत आणि भाषणांत ‘जवान’ हा शब्द रूढ झाला. अगदी अलीकडे, डिसेंबर २०२३ मध्ये, मालवणला नौदल दिनाच्या कार्यक्रमात नौदलातील हुद्द्यांना भारतीय परंपरेची नावे देण्याची घोषणा पंतप्रधानांनी केली.

नावे बदलणे चांगलेच. पण एका शब्दाचा प्रवास आपल्याला सावध करतो. अधिकाऱ्याची खासगी कामे करणाऱ्या शिपायाला आधी ‘ऑर्डर्ली’ म्हणत, मग ‘बॅटमन’ म्हणू लागले, मग ‘सहायक’. प्रत्येक शब्द आधीच्यापेक्षा सभ्य. तरी संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीला २००८ मध्ये ही प्रथाच बंद करा असे सांगावे लागले, कारण बूट पुसणारा हात शब्दाने बदलला नव्हता. सभ्य शब्दाचा नियम तेवढ्यापुरताच राहिला तर तो रंगसफेदी ठरतो, हा टीकाकारांचा आक्षेप इथे मान्य करावा लागतो.

याच्या उलट उदाहरणही आपल्याकडे आहे. ‘महार’ हा शब्द तुच्छतेने एखाद्याच्या तोंडावर, चारचौघांत फेकला तर १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा होतो; २०१५ च्या दुरुस्तीने जातीच्या नावाने शिवीगाळ करणे त्या कायद्यात स्वतंत्रपणे नोंदवले. तोच शब्द रेजिमेंटचे नाव म्हणून खांद्यावर येतो तेव्हा त्याला कडक सॅल्यूट पडतो. त्या रेजिमेंटच्या पहिल्या बिल्ल्यावर कोरेगावचा स्तंभ होता आणि तिची रणघोषणा ‘बोलो हिंदुस्तान की जय’ अशी, कोणत्याही एका जातीची नसलेली आहे. शब्द तोच, अक्षरे तीच. फरक पडतो तो कोण, कोणाला, कोठे उभे राहून बोलतो याने. म्हणून भाषेचा नियम म्हणजे बंदी घातलेल्या शब्दांची यादी, अशी जी समजूत आहे ती चुकीची आहे. यादी करायला घेतली तर ‘महार’ शब्दाचे काय करणार?

गावाकडच्या पोरांची ढाल

२०२० च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने स्त्री अधिकाऱ्यांच्या कायम कमिशनचा निकाल दिला. सरकारी बाजूने त्या खटल्यात एक युक्तिवाद असा होता, की जवान प्रामुख्याने ग्रामीण भागातून येतात आणि स्त्रीचा हुकूम मानायला त्यांची मनाची तयारी नाही. न्यायालयाने तो फेटाळला.

तो युक्तिवाद वाचून मला सातारा-सांगलीची गावे आठवली, कारण ‘ग्रामीण भागातले जवान’ म्हणजे आणखी कोण? १८९२ मध्येही हेच कारण पुढे केले जात असे : वरच्या जातीचे शिपाई महार सुभेदाराचा हुकूम मानणार नाहीत. त्याआधीची कित्येक दशके ते मानत आले होते, ‘साहेब’ म्हणत आले होते. तरी कारण म्हणून ते चालले. खालच्यांच्या मागासपणाचे नाव पुढे करून वरच्यांनी आपली अडचण झाकायची, ही रीत जुनी आहे. गावाकडचा पोर हुद्दा ओळखतो. साताऱ्याला १९६१ मध्ये देशातले पहिले सैनिकी विद्यालय निघाले ते शेतकऱ्याच्या मुलाने अधिकारी व्हावे म्हणून, आणि तो झाला तेव्हा त्याच्या वडिलांच्या वयाच्या सुभेदाराने त्याला सॅल्यूट केलाच. मे २०२५ मध्ये खडकवासल्याच्या प्रबोधिनीतून १७ मुलींची पहिली तुकडी बाहेर पडली. त्यांनाही तो सॅल्यूट मिळेल. त्यांना बराकीमागून काय ऐकू येईल, हा प्रश्न मात्र नियमाचा आहे आणि तो नियम राबवणाऱ्या वरिष्ठाचा आहे.

लष्करात कडक बोलणे राहणार. ते असावेही. गोळीबारात ‘कृपया’ म्हणायला वेळ नसतो, आणि उस्तादाच्या आरोळीने कित्येकांचे जीव वाचलेले आहेत. सैनिकाने कधीही मऊ बोलण्याची मागणी केलेली नाही. वलंगकरांनी केली नाही, रामजींनी केली नाही, ‘तलवार’वरच्या चौदा जणांनीही केली नाही. त्यांनी दोनच गोष्टी मागितल्या : चुकलो तर चुकीवर बोला, जन्मावर बोलू नका, आणि बोललात तर दाद मागायची वाट तुमच्या दारात संपू देऊ नका. यातली पहिली मागणी अजून कोणत्याही कलमात स्पष्ट शब्दांत आलेली नाही. ती आणायला एका ओळीची दुरुस्ती पुरेल. कलम ४० मध्ये जसा ‘भाषा’ हा शब्द आहे, तसाच तो कलम ४७ मध्येही असावा.